हळदीतलं शिसं: दोन लॅबचे दोन आकडे, मग खरा कोणता?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तासगाव भागात तुमचा बचत गट आहे, हळद पावडर आणि नाचणी सत्त्व करता. जर्मनीतल्या एका मराठी दुकानदाराने हळद मागितली आणि सोबत शिशाचा रिपोर्ट मागितला. तुम्ही एकाच लॉटची हळद दोन लॅबला पाठवली, एकीने लेड (म्हणजे शिसं) 1.9 पीपीएम दिलं, दुसरीने 6.1, आणि दोन्हीकडे खाली 'पास' असा शेरा. आता कुठल्या लॅबवर विश्वास ठेवायचा हा मुख्य प्रश्न, शिवाय बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 780 आलाय तर त्यात जड धातू आहेत का, आणि सत्त्वाच्या पाकिटावर कॅल्शियम किती छापायचं.

आधी 'पास'बद्दल बोलतो कारण ते जास्त अर्जंट आहे. आपल्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, हळदीसाठी शिशाची मर्यादा 10 पीपीएम आहे, म्हणजे किलोमागे 10 मिलीग्रॅम, त्यामुळे दोन्ही आकडे भारतात पास. पण युरोपियन युनियनमध्ये मुळं-कंद वर्गातल्या मसाल्यांना, म्हणजे हळद-आलं यांना, मर्यादा 1.5 पीपीएम आहे. तुमचा माल जर्मनीला जाणार असेल तर 6.1 सोडाच, 1.9 सुद्धा तिथे चालणार नाही. त्यामुळे कुठली लॅब बरोबर हे शोधून तुमचं काम संपत नाही, शिसं येतंय कुठून ते शोधावं लागेल. स्वच्छ हळदीत शिसं एक पीपीएमच्या खाली आरामात येतं, म्हणजे हे जमण्यासारखं काम आहे, घाबरू नका.

आता दोन आकड्यांचं. मला यात कुणी खोटं बोलतंय असं अजिबात वाटत नाही. लॅबमध्ये तुमची 200 ग्रॅमची पिशवी जाते, पण मशीनपर्यंत जाते ती फक्त अर्धा ग्रॅम, चहाच्या चमच्याच्या टोकावर बसेल एवढी. रिपोर्टवरचा आकडा हा त्या अर्ध्या ग्रॅमचा असतो, आणि त्यावरून आपण अख्ख्या लॉटचा निकाल लावतो. शिसं जर हळदीत सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, म्हणजे कंदाने मातीतूनच ओढून घेतलेलं, तर हा अर्धा ग्रॅम कुठूनही घ्या, उत्तर जवळपास तेच येणार. पण शिसं कणांच्या रूपात असेल तर सगळा खेळ बदलतो.

हा हिशोब जरा बैजवार करून दाखवतो, कारण माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळी गोम इथेच आहे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून जे घालतात ते लेड क्रोमेट, पिवळा रंग, हेच रसायन पूर्वीपासून पिवळ्या ऑइलपेंटमध्येही वापरतात. ते पाण्याच्या सहापट जड असतं आणि वजनाचा जवळजवळ 64 टक्के भाग शिसंच. समजा त्याचा एकच कण आहे, 100 मायक्रॉनचा, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल. त्या एका कणाचं वजन साधारण 3.2 मायक्रोग्रॅम, त्यात शिसं 2 मायक्रोग्रॅमच्या आसपास. आता हा एक कण त्या अर्ध्या ग्रॅममध्ये आला तर 2 मायक्रोग्रॅम भागिले 0.5 ग्रॅम म्हणजे 4 पीपीएम. एका कणाने आकडा चारने वाढला. तुमचे आकडे 1.9 आणि 6.1, फरक 4.2. हा योगायोग असू शकतो, मी तुमची हळद बघितलेली नाही, पण फरक अगदी या मापाचा आहे हे लक्षात घ्या. एका लॅबच्या अर्ध्या ग्रॅममध्ये तो कण आला, दुसरीच्या आला नाही, दोघींनी काम चोख केलं आणि तरी आकडे तिप्पट फरकाचे.

याची खात्री करायची सोपी पद्धत आहे. लॅबला सांगा की याच पिशवीतून पाच वेगवेगळे अर्धे ग्रॅम घ्या, पाचही वेगवेगळे विरघळवा, आणि पाचही आकडे मला द्या, सरासरी नको. पाचही 1.8 ते 2.1 मध्ये आले तर शिसं एकसारखं पसरलेलं आहे आणि 6.1 चं कारण त्या दुसऱ्या लॅबच्या कामात शोधायचं. चार 1.9 च्या आसपास आणि एक मध्येच 5 किंवा 9 असं आलं तर कण आहेत हे जवळपास नक्की. बरेच जण म्हणतात मग अर्ध्याऐवजी पाच ग्रॅम घ्या ना एकदम, पण मायक्रोवेव्ह डायजेशनच्या, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये तापवून सँपल विरघळवण्याच्या, टेफ्लॉनच्या बंद भांड्यात एवढी हळद घालता येत नाही, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये हळद जळायला लागली की इतका गॅस होतो की भांड्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि सँपल वाया जातं. हळदीत तेलही असतं, ती जास्तच उसळते. म्हणून आम्ही लॅबवाले अर्धा ग्रॅम घेऊन त्यावर सात-आठ मिली नायट्रिक आणि मिलीभर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून आधी वीस-तीस मिनिटं उघडंच ठेवतो, तपकिरी धूर निघून जाऊ देतो, मगच झाकण लावून 190-200 डिग्रीला नेतो. बाहेर आलं की द्रावण फिकट पिवळं, पारदर्शक हवं, तळाला पांढरी वाळूसारखी सिलिका राहिली तर चालते, पण काळपट किंवा तेलकट तवंग राहिला असेल तर डायजेशन पूर्ण झालेलं नाही आणि पुढचा आकडा कितीही दशांश स्थळांचा असला तरी बिनकामाचा.

इथेच एक प्रश्न लॅबला जरूर विचारा, तुम्ही सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरता का. काही जुन्या पद्धतींमध्ये नायट्रिकसोबत सल्फ्युरिक घालून उघड्या फ्लास्कमध्ये उकळतात. बाकीच्या कामांना ठीक आहे, पण शिसं आणि सल्फेट एकत्र आले की लेड सल्फेट तयार होऊन तळाला बसतं, हळदीतल्या कॅल्शियमचं सल्फेटही सोबत बसतं आणि शिसं ओढून घेतं. वरचं स्वच्छ पाणी मशीनला दिलं की शिसं कमी दिसतं. तसंच भट्टीत राख करून मोजण्याची पद्धत, तापमान 450-500 डिग्रीच्या वर गेलं किंवा सँपलमध्ये मीठ असलं तर थोडं शिसं वाफ होऊन जातं, कॅडमियमही जातं, पारा तर हमखास जातोच. हळदीत मीठ नाही पण तुम्ही पुढे लोणचं मसाला किंवा चटण्या टेस्ट कराल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता मशीन. तुमच्या पहिल्या रिपोर्टवर पद्धतीच्या रकान्यात 'एएएस' लिहिलंय, दुसऱ्यावर 'आयसीपी-एमएस'. एएएस म्हणजे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन, धातूचे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणं, 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी ही पद्धत उभी केली आणि आजही आपल्याकडच्या असंख्य लॅब तिच्यावर चालतात, चांगली पद्धत आहे. पण एएएसमध्ये दोन प्रकार, एक फ्लेम म्हणजे ज्योतीचा आणि दुसरा ग्रॅफाइट फर्नेस म्हणजे छोट्या विजेच्या भट्टीचा, आणि रिपोर्टवर नुसतं एएएस लिहिलं तर काहीच कळत नाही. अर्धा ग्रॅम हळद विरघळवून 50 मिली केली की ती शंभरपट पातळ झाली, म्हणजे हळदीतलं 1.9 पीपीएम शिसं द्रावणात 19 पीपीबी उरतं (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग). फ्लेम एएएसला शिसं दिसायलाच द्रावणात साधारण 10 ते 20 पीपीबी लागतं, आणि खात्रीने मोजायला त्याच्या तिप्पट, म्हणजे धरा 50. 50 पीपीबीचं हळदीत रूपांतर करा, 5 पीपीएम. म्हणजे फ्लेमवर 1.9 हा आकडा आलाच कसा हा प्रश्न मी आधी विचारेन, तिथे '5 पेक्षा कमी' एवढंच लिहिणं बरोबर. फ्लेम आपल्या 10 च्या मर्यादेसाठी पुरते, युरोपच्या 1.5 साठी नाही पुरत. फर्नेस असेल तर मात्र 1.9 वर विश्वास ठेवता येतो, ती एक पीपीबीच्याही खाली बघते.

आयसीपी-एमएसमध्ये द्रावणाचा बारीक फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात, म्हणजे प्रचंड तापवलेल्या वायूत, जातो, तापमान सहा ते दहा हजार डिग्री, तिथे सगळं फुटून आयन होतात आणि मग वजनावरून एकेक मूलद्रव्य मोजलं जातं, शिसं तर पीपीबीच्या हजाराव्या भागापर्यंत. पण जितकं मशीन तीक्ष्ण तितकी बाहेरची घाण पण त्याला दिसते. दुसरी लॅब चुकली असेल तर बहुतेक याच बाजूने चुकली असेल, म्हणजे शिसं हळदीतलं नसून भांड्यातलं, अ‍ॅसिडमधलं किंवा हवेतल्या धुळीतलं. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये ब्लँक लावतात, हळद न घालता तेच अ‍ॅसिड, तेच भांडं, तोच प्रोग्राम, आणि त्यात जे शिसं येईल ते वजा. ब्लँकचा आकडा मागा. ब्लँकच जर 20 पीपीबी येत असेल तर त्या दिवसाचा एकही कमी आकडा वापरू नका.

ब्लँकचं महत्त्व ज्याने जगाला दाखवलं तो माणूस म्हणजे क्लेअर पॅटरसन, ज्याने 1956 मध्ये उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं काढलं. ते काम करताना त्याला कळलं की शिसं तर प्रयोगशाळेच्या भिंतींपासून माणसाच्या केसांपर्यंत सगळीकडे आहे, आणि मग त्याने कॅलिफोर्नियात अशी खोली उभारली की जिथे हवा गाळून यायची आणि अ‍ॅसिडही स्वतः शुद्ध करून वापरायचे. 1980 मध्ये त्याने आणि डोरोथी सेटल यांनी ट्यूना माशातलं शिसं मोजलं. ताज्या माशात आलं ग्रॅममागे 0.3 नॅनोग्रॅम, आणि तेव्हाची अमेरिकेची सरकारी लॅब त्याच प्रकारच्या ताज्या माशात 400 सांगत होती. शिशाच्या सोल्डरच्या डब्यातल्या माशात मात्र 1400 निघालं. सरकारी आकड्यांवरून वाटायचं की मासा पकडला तेव्हापासूनच त्यात शिसं होतं, डब्याने थोडीशीच भर घातली, आणि प्रत्यक्षात जवळजवळ सगळं शिसं डब्यातून आलेलं. लॅबची घाण माशाच्या नावावर जमा होत होती म्हणून डबा सुटत होता. खाद्यपदार्थात धातू मोजणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, 2015 चं मॅगी प्रकरण. बाराबंकीहून घेतलेल्या सँपलमध्ये कोलकात्याच्या सरकारी लॅबने शिसं 17.2 पीपीएम दिलं, मर्यादा 2.5, जूनमध्ये देशभर बंदी. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द केली, आणि त्यातला एक मोठा मुद्दा हा होता की ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी उभी होती त्यांच्याकडे त्या टेस्टचं एनएबीएल अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे लॅब तपासून दिली जाणारी राष्ट्रीय मान्यता, नव्हतं. कोर्टाने तीन मान्यताप्राप्त लॅबमध्ये परत तपासणी करायला लावली, तिथे शिसं मर्यादेत आलं. कोण खरं कोण खोटं यात मला पडायचं नाही, पण एवढं नक्की की पद्धत, अ‍ॅक्रेडिटेशन आणि सँपल कसं घेतलं याचे कागद नसतील तर आकडा कोर्टात टिकत नाही, आणि परदेशातल्या बंदरावरही टिकत नाही. एनएबीएल बघताना नुसता लोगो बघू नका, स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता असलेल्या टेस्टच्या यादीत, 'मसाले, लेड, आयसीपी-एमएस' असं लिहिलंय का ते बघा. लॅबला पाण्याच्या टीडीएससाठी अ‍ॅक्रेडिटेशन असतं आणि हळदीतल्या शिशासाठी नसतं असं सर्रास होतं.

आता शिसं आलं कुठून. लेड क्रोमेट म्हटलं की आपल्याला लगेच भेसळ आठवते, आणि ते खरंही आहे, बांगलादेशात हळकुंड पॉलिश करताना हा रंग लावायची पद्धत 2019 मध्ये संशोधकांनी उघड केली आणि मग तिथल्या सरकारने बाजारात एक्सआरएफ गन (एक्स-रेने जागेवरच धातू ओळखणारं हातातलं यंत्र) घेऊन छापे टाकून ती बऱ्यापैकी मोडून काढली. आपल्याकडेही पाटण्याच्या बाजारातल्या हळदीत हजार पीपीएमच्या वर शिसं सापडलेलं आहे. पण तुमचा आकडा तसल्या भेसळीचा नाही. रंग यावा म्हणून जो घालतो तो शेकडो पीपीएम घालतो, दोन-सहा पीपीएमने हळदीचा रंग तसूभरही बदलत नाही. म्हणजे तुमच्याकडे हे चुकून आलंय.

माती असेल का? हिशोब करू. साध्या मातीत शिसं 15-20 पीपीएम असतं, आपल्या काळ्या मातीत, जी बेसाल्टची आहे, त्याहूनही कमी. 6 पीपीएम फक्त मातीतून यायचं तर हळदीत तिसरा हिस्सा माती लागेल, तसं असतं तर अ‍ॅसिडमध्ये न विरघळणारी राख, म्हणजे वाळू-मातीचा अंश, 1.5 टक्क्याची मर्यादा कधीच ओलांडून गेली असती. तुमचा राखेचा रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे माती बाद.

दुसऱ्या लॅबने क्रोमियमही दिलंय, 3 पीपीएम, आणि ते बघून तुम्ही लिहिलंय की मग लेड क्रोमेट नक्कीच आहे. थांबा जरा. लेड क्रोमेटमध्ये शिसं आणि क्रोमियम वजनाने साधारण चारास एक असतात. 800 शिसं आणि 200 क्रोमियम आलं असतं तर मी डोळे झाकून सांगितलं असतं. पण इथे 6.1 ला क्रोमियम दीड हवं आणि आहे तीन, कारण आपल्या बेसाल्टच्या मातीतच क्रोमियम भरपूर, शिवाय स्टीलच्या जात्यातून-पल्व्हरायझरमधून क्रोमियम आणि निकेल झिजून येतंच. इतक्या कमी आकड्यांवर हे गुणोत्तर काही सिद्ध करत नाही. उलट पाच तुकड्यांच्या (म्हणजे वरच्या पाच अर्ध्या ग्रॅमच्या) टेस्टमध्ये ज्या तुकड्यात शिसं उसळेल त्याच तुकड्यात क्रोमियमही शिशाच्या पाव भागाने वर गेलं, तर मात्र तो कण लेड क्रोमेटचाच. म्हणून पाचही तुकड्यांत दोन्ही धातू मागा.

माझा संशय तुमच्या मशीनच्या रंगावर आहे. पॉलिशचा ड्रम, गिरणीचा हॉपर, चाळणीची फ्रेम, यांना पिवळा किंवा नारिंगी इंडस्ट्रियल पेंट असेल आणि तो हळकुंडाच्या घासण्याने पोपडे धरत असेल तर हेच कण पडतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आपल्याकडे 2017 पासून 90 पीपीएम शिशाची मर्यादा आहे, इंडस्ट्रियल पेंटला तो नियम लागू नाही. हॉपरच्या आतल्या कडेवर हात फिरवून बघा, रंग उडालेला दिसला तर नखाएवढा पोपडा कागदात गुंडाळून तोही लॅबला द्या. सोबत तीन पायऱ्यांचे नमुने द्या, शिजवून वाळवलेलं पण पॉलिश न केलेलं हळकुंड, पॉलिश केलेलं, आणि पावडर. हळकुंडं आधी चिनी मातीच्या खलात फोडायला सांगा, स्टीलच्या मिक्सरमध्ये नको. ज्या पायरीला आकडा उडी मारेल तिथे दोष. तुम्ही काही हळकुंड व्यापाऱ्याकडून पॉलिश केलेलं घेत असाल तर ते वेगळं पाठवा, आपल्या शेतातल्या मालात मिसळू नका.

नमुना घेताना एवढं करा, लॉटच्या सगळ्या पोत्यांतून वरून, मधून, तळातून थोडी थोडी हळद स्वच्छ प्लास्टिकच्या चमच्याने काढा, जड कण पोत्यात तळाला सरकतात म्हणून तळ सोडू नका. जाड पॉलिथिनवर सगळी एकत्र पसरा, मिसळा, गोल ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत पोत्यात. असं करत करत अर्ध्या किलोपर्यंत आणा. मग नव्या झिप पिशवीत, वर्तमानपत्रात बांधून नाही. घरी पाण्यात हळद टाकून बघायच्या ज्या टेस्ट फिरतात त्यावर यासाठी वेळ घालवू नका, लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही आणि 6 पीपीएम डोळ्याला दिसत नाही.

पाण्याचं पटकन सांगतो. टीडीएस मीटर धातू मोजत नाही, तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. तुमचे 780 म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे 0.01 मिलीग्रॅम आहे आणि मीटरचा शेवटचा आकडा 1 मिलीग्रॅमचा, म्हणजे मर्यादेएवढं शिसं असलं तरी मीटरच्या शेवटच्या आकड्याच्या शंभराव्या भागाएवढं. 780 चं पाणी शिशाच्या बाबतीत निर्मळ असू शकतं आणि 90 चं पाणी पितळी नळातून रात्रभर साचून आलं तर खराब असू शकतं. आणि तो दारावर येऊन दोन सळया पाण्यात बुडवून तपकिरी गाळ काढून दाखवणारा, तो गाळ त्याच्या लोखंडी सळईचा असतो, वीज लावली की सळई विरघळते आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून तिथे काही होत नाही. या प्रकाराने गावोगावच्या बायकांना घाबरवून हजारोंची मशीनं विकली आहेत, ते बघून खरंच जीव तुटतो. हळद धुण्या-शिजवण्याचं पाणी तपासायचंच असेल तर लॅबमधून अ‍ॅसिड घातलेली प्लास्टिकची बाटली मागा, शिसं साध्या बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतं आणि मग आकडा खोटाच कमी येतो.

नाचणी सत्त्वावर कॅल्शियम छापताना पुस्तकातला आकडा उचलू नका. हैदराबादच्या एनआयएनच्या, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, 2017 च्या तक्त्यात अख्ख्या नाचणीला 100 ग्रॅममागे 364 मिलीग्रॅम आहे, पण नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालीच्या थरात असतं, आणि सत्त्व करताना तुम्ही भिजवून, वाटून, कापडातून गाळून तोच थर टाकता. शिवाय तुमचं पाणी जड, ते स्वतःचं थोडं कॅल्शियम घालतं. त्यामुळे तुमच्याच सत्त्वाची टेस्ट करा, दोन-तीन वेगळ्या बॅचची. यासाठी महागड्या आयसीपी-एमएसची गरज नाही, आयसीपी-ओईएस (तसाच प्लाझ्मा, पण वजनाऐवजी प्रकाशावरून मोजणारं मशीन) किंवा फ्लेम एएएस उत्तम, फक्त फ्लेमवर करणार असतील तर लँथनम नावाचा धातू (त्याचा क्षार) घालता का एवढं विचारा. नाचणीत फॉस्फरस भरपूर, आणि ज्योतीत फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं, मग कॅल्शियम खोटंच कमी दिसतं. लँथनम घातलं की फॉस्फेट त्याच्याशी गुंततं आणि कॅल्शियम मोकळं होतं. जुन्या लॅबवाल्यांना हे तोंडपाठ असतं, नवीन पोरं कधीकधी विसरतात.

शेवटचं, लॅबला मेल करताना मराठीतच लिहिलंत तरी चालेल पण हे सगळं लिहा: हळदीत लेड आणि क्रोमियम, पाच वेगळे तुकडे, प्रत्येकाचा आकडा वेगळा, नायट्रिक-पेरॉक्साइडचं बंद मायक्रोवेव्ह डायजेशन, आयसीपी-एमएस, लेडचे 206, 207, 208 तिन्ही आयसोटोप, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे शिशाचेच अणू, बेरीज करून (शिसं कुठल्या खाणीतलं त्यावर यांचं प्रमाण बदलतं, एकच मोजला तर थोडी चूक येते), बॅचचा ब्लँक, ज्यातलं शिसं आधीच माहीत आहे अशा प्रमाणित नमुन्याचा त्याच दिवसाचा आकडा, माहीत असलेलं शिसं मुद्दाम घालून परत किती मिळालं त्याची टक्केवारी, ती 80 ते 120 मध्ये हवी, आणि मोजण्याची किमान मर्यादा 0.1 पीपीएम किंवा कमी. रिपोर्टवर प्लस-मायनस अनसर्टंटी, म्हणजे आकडा किती इकडे-तिकडे असू शकतो ते, छापायला सांगा, 1.4 प्लस-मायनस 0.3 आलं तर जर्मनीचा दुकानदार अडून बसेल, 0.6 प्लस-मायनस 0.1 आलं तर बसणार नाही. जी लॅब हे विचारल्यावर चिडली तिच्याकडे जाऊ नका, चांगल्या लॅबला असे प्रश्न आवडतात. रिपोर्ट आले की नाव झाकून इथे टाका, पोपड्याचाही टाका, मी बघतो. तोवर त्या हॉपरवर काम थांबवा आणि जर्मनीच्या ऑर्डरची हळद दुसऱ्या गिरणीवर, बिनरंगाच्या स्टेनलेस हॉपरमधून दळून घ्या.